माळावरचा जास्तीचा करकोचा

एका उजाड माळावर एका टिटवीचे बिऱ्हाड होते. मुलांनो, फाल्गुनातल्या त्या संध्याकाळी तिच्या मनात पाल चुकचुकली ती एका पाठीमुळे. माळावर उतरलेले सगळे करकोचे वाऱ्याकडे तोंड करून उभे होते, कारण वारा पाठीवर घेतला की पिसे उलटी होतात आणि अंगात थंडी भरते. पाणवठ्याजवळच्या गवतात मात्र एक करकोचा वाऱ्याकडे पाठ करून उभा होता. त्याची पिसे विस्कटत होती आणि त्याला त्याचे काहीच वाटत नव्हते.

थंडी सरली की उत्तरेकडे परतणारे करकोचे या माळावर मुक्काम करत. त्यांची मोजदाद टिटवीने करायची, असा तिथला रिवाज होता. उतरताना एकदा मोजायचे, स्थिरावल्यावर पुन्हा एकदा. मग तिने "सगळे आले" अशी हाळी दिली की थवा डोळे मिटायला मोकळा. टिटवीचा जीव मुळातच घाबरा. पाचोळा उडाला तरी ती दचके, ढगाची सावली सरकली तरी आभाळ कोसळल्यासारखी ओरडे. पण मोजण्यात ती कधी चुकत नसे. भीतीपोटी ती पुन्हापुन्हा मोजून बघे. आज कितीही वेळा मोजले तरी एक करकोचा जास्तच भरत होता.

ती तुरुतुरु धावत थव्याच्या म्होरक्याकडे गेली. "काका, एक जास्त आहे."

"कमी तर नाही ना कोणी?"

"नाही, पण..."

"मग झालं तर. बाई, माझा धाकटा भाऊ वाटेत मागे राहिला. मी थांबलो नाही त्याच्यासाठी. तोच आला असेल."

"मग तो तुम्हाला भेटायला का नाही आला? आणि असा वाऱ्याकडे पाठ करून कोण उभं राहतं?"

बाभळीवरचा कावळा हसला. "अगं टिटवे, परवा तू स्वतःच्या सावलीवर ओरडलीस, काल बकरीच्या शिंकेवर. आज काय, पाठीवर? पंगतीत एक पान वाढलं म्हणून कोणी बोंब मारतं का?"

थव्यात खसखस पिकली. एक करकोची म्हणाली, "झोपू दे गं बाई आता. उद्या डोंगर ओलांडायचेत." आणि टिटवीने हाळी दिलेली नसतानाही सगळ्यांनी चोची पंखांत खुपसल्या. म्होरक्या तेवढा जागा राहिला. भाऊ रुसला असेल, आपणच जाऊन त्याची समजूत काढावी, असे मनाशी म्हणत तो पाणवठ्याकडे चालू लागला.

"काका, जाऊ नका," टिटवी मागून ओरडली. त्याने मान वळवली नाही. तिला त्याच्यामागे जायचे होते, पण चार पावलांवरच भीतीने ती मटकन खाली बसली. उंच गवतात त्याची मान दिसेनाशी झाली. पाण्यात काहीतरी धपकन वाजले, मग सगळे शांत झाले. दिवस बुडाला होता. टिटवीने कावळ्याला हाक मारली, त्याने कूस बदलली. थव्याला हाक मारली, एकानेही डोळा उघडला नाही. ही ओरडतेच, असे साऱ्यांनी ठरवूनच टाकले होते. शेवटी तिने उरलासुरला धीर गोळा करून गवताकडे हाक दिली, "काका, तुमचा भाऊच आहे ना तो?"

तिने पुन्हा हाक मारली, आवाज चिरेपर्यंत मारली. तेव्हा कुठे गवतातून म्होरक्याचा दबका आवाज आला, "टिटवीबाई, हा करकोचा खरा नाही, गवत भरलेला आहे. माझा पाय फासात अडकलाय आणि माणसं येताहेत. तुम्ही ओरडणं थांबवू नका. सगळे उठेपर्यंत ओरडा."

तात्पर्य : कमी पडले तर सगळेच शोधतात, आपसूक वाढले तर तेही तपासावे, आणि सांगणारा भित्रा आहे एवढ्यावरून त्याचे सांगणे खोटे ठरवू नये.