ठकूबाईच्या शेजा

सावकाश चढा, पाहुणे. वाटेच्या कडेनं कातळात हे लांबट खळगे दिसतात ना, एकापुढं एक वर गेलेले? माणूस आडवा मावेल एवढे. आम्ही यांना ठकूबाईच्या शेजा म्हणतो.

फार मागची गोष्ट. खालच्या धनगरवाड्यात ठकू राहायची. तिची लेक बमी वर पठारावर दिलेली. बमीचं पहिलं मूल जगलं नाही. तेव्हा ठकूनं देवीपुढं शब्द दिला, की पुढच्या खेपेला कळा येतील तेव्हा पोरीला धरायला मी उभी राहीन. त्याच पावसाळ्यात म्हशींमागं जाताना ती कड्यावरून घसरली. हाडं सांधली, पण पाय वाळले; चार पावलांपलीकडं चालवेना.

बमीला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, तसा ठकूचा नवरा कोंडिबा तिला म्हणाला, "वेळ आली की पाठुंगळीला घेऊन जातो तुला."

"तिथं मलाच धरायला लागलं, तर पोरीला कोण धरंल?" ठकू म्हणाली.

ती एकटीच घाट चढायला निघाली. ईर्षेनं चढली नि कोसळली. मग कितीतरी दिवस अंथरुणाला खिळून राहिली. पडल्या पडल्या तिला समोर आजारातून उठलेली म्हैस दिसायची. थोडी चढायची, बसायची, डोळे मिटून रवंथ करायची आणि परतायची. रोज जराशी आणखी वर.

ठकूनंही तेच धरलं. पाय थरथरले की कातळावर निजायची. असं सांगतात, की धुकं खाली उतरून तिला पांघरायचं, तिच्याखालचा कातळ लोण्यासारखा मऊ व्हायचा, आणि झाडात पाणी चढावं तसं बळ झोपेत तिच्या पोटऱ्यांत चढायचं. जाग आली की ती घरी परतायची. कधी कालची शेजही गाठवायची नाही. मग रडायची, आणि अलीकडच्या शेजेवर निजायची.

बमीला कळा सुरू झाल्या, त्या सकाळी ठकू सगळ्या शेजा ओलांडून पठारावर पोचली. लेकीनं दोन्ही हात आईच्या गळ्यात टाकले, सारा भार तिच्यावर दिला. नात जन्मून रडेपर्यंत ठकूचे पाय हलले नाहीत, म्हणे.

आजही दुखण्यातून उठलेलं माणूस इथं येतं, झेपेल तेवढं चढतं, शेजेवर पडतं. घरी गेल्यावर त्याला सगळे एवढंच विचारतात, "झोप लागली का?"