अर्धी घोषणा

आपली माणसं दुरावली, हे पुढाऱ्याला कळतं तरी कसं? सोलापूरच्या विडी कामगारांचे पुढारी दत्तूअण्णा उद्याच्या मोर्चाचं सांगायला वस्तीत आले, तर विड्या वळणाऱ्या बायका मानच वर करीनात. अण्णा चिडले, "लाल बावटा विसरलात! मतंसुद्धा दुसऱ्यालाच घातलीत!"

अण्णांच्या मोर्चांतच केस पिकलेली यल्लव्वा हसली. "विसरले नाही, अण्णा. नेहमी अर्धी घोषणा तुम्ही देता, पुरी आम्ही करतो. आज मी देते, तुम्ही पुरी करा. आमच्या नळाला पाणी कधी?"

अण्णा हातातली मोर्चाची पत्रकं चाळू लागले.

"आठवड्यातून एकदा, उद्या सकाळी," ती मायेनं म्हणाली. "तुमच्या मोर्चाच्याच वेळेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा यल्लव्वाची कळशी घेऊन नळाच्या रांगेत उभे होते.