पाखऱ्याची शिंगं

“स्वप्नात बैल आला तर त्याचा अर्थ काय होतो, बाबा?”

भैरवगिरबाबा मठाच्या ओट्यावर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कसा आला?”

“शिंगं खाली करून. सरळ माझ्यावर. रोज येतो.”

“कुणाचा बैल?”

“सयाजीदादाचा. माझा थोरला भाऊ. मागल्या महिन्यात शर्यतीत गाडीवरून पडला, चाकाखाली गेला.” मी मान ताठ ठेवली. “आमच्या भागात त्याच्यासारखा गाडीवान नव्हता. त्याने बैलावर कधी चाबूक उगारला नाही.”

“विचारतोस बैलाचं, सांगतोस भावाचं.”

“दोघं वेगळे नव्हतेच, बाबा. पाखऱ्या दुसऱ्या कुणाचं ऐकायचा नाही. दादाने नुसतं जू उचलायचं, हा आपणहून येऊन त्याखाली मान घालायचा. लोक बघायला थांबायचे. असा बैल, आणि असा माणूस…”



बाबांनी एक चिंचोका बाजूला टाकला.

“आता कोण जुंपतं त्याला?”

“कुणी नाही. गोठ्यात उभा असतो. मी लांबून वैरण टाकतो.”

“लांबून?”

“आमच्या भगताने अर्थ सांगितलाय. शिंगं रोखून आलेला बैल म्हणजे मरण. एक भाऊ नेला, आता दुसरा नेणार.”

“भगताने काय घेतलं?”

“कोंबडा.”

“मग बरोबर सांगितलं. कोंबड्याला लागू पडलं.”

मला हसू आलं नाही.

“आई रोज रडते, बाबा. म्हणते, बैल विकून टाक, मला एक तरी राहू दे. बाजाराला निघालोय. तो बाहेर लिंबाला बांधलाय. तुम्ही अर्थ सांगा, की मी पुढं जातो.”

“भितोस?”

“मी? छे.”

“स्वप्नात तो अंगावर येतो तेव्हा काय करतोस?”

“उभा राहतो. हाताची घडी घालून. तो पार जवळ येतो, तरी हलत नाही. आमच्या घरात कुणी पाठ दाखवत नाही. दादाने नाही दाखवली, मीही नाही.”

“शाबास,” बाबा म्हणाले.

ते उठले. कोपऱ्यातली काठी घेतली आणि बाहेर आले. मी मागोमाग गेलो.

पाखऱ्या लिंबाखाली उभा होता. अंगावर धूळ बसली होती. बाबांनी जाऊन त्याचं दावं सोडलं.

“बाबा, तो मोकळा…”

ते दहा पावलं मागं आले. काठी दोन्ही हातांनी आडवी धरली आणि छातीपर्यंत उचलली.

पाखऱ्याचे कान हलले.

मग त्याने शिंगं खाली केली. तशीच, स्वप्नातल्यासारखी. आणि सरळ निघाला.

मी धावलो. बाबांच्या पुढं जाऊन उभा राहिलो, हाताची घडी घालून.

“बाजूला हो.”

“नाही.”

“अरे, तुझ्याकडे नाही येत तो. हो बाजूला.”

पाखऱ्या मला वळसा घालून गेला. त्याचं अंग माझ्या कोपराला घासलं. काठीपाशी पोचल्यावर त्याने मान आणखी खाली केली, काठीखाली घातली, आणि थांबला.

डोळे मिटून उभा राहिला.

पानं हलत होती…

“दादासारखं,” मी म्हणालो. “अगदी दादाने उचलल्यासारखं.”

“हं.”

“मग बाबा… स्वप्नाचा अर्थ?”

त्यांनी काठी पाखऱ्याच्या मानेवर टेकवली, आणि तिचं एक टोक माझ्याकडे केलं. ते धरायला मला हाताची घडी सोडावी लागली.

“आज आला,” बाबा म्हणाले, “तर हात मोकळे ठेव.”