बाबू परटाला बंदी

“माझ्या लॉनवर कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायचा हक्क मला आहे की नाही? तेवढं सांगा, महाराज!”

हणमंत जाचक ओसरीवर अजून नीट टेकलाही नव्हता. राग त्याच्या नाकावर असायचाच. त्या सकाळी तो पार डोक्यात गेला होता.

केदारगीर महाराज भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. कृष्णाकाठच्या या मठात येण्याआधी ते साताऱ्याच्या कोर्टात वकील होते. काळा कोट सुटला, भगवी कफनी आली, तरी लोक कज्जे घेऊनच यायचे. देवाचं विचारायला क्वचितच कुणी यायचं.

“आहे,” महाराज म्हणाले.

“आहे ना?”

“जागा तुझी, कार्यक्रम तुझा. गोंधळ घालणाऱ्याला तू नाही म्हणू शकतोस. पण नियम आधी सांगायचा. मोडला तर समज द्यायची. अंगाला हात लावायचा नाही. आणि नियम सगळ्यांना एकच.”

हणमंतचा चेहरा खुलला. त्याला हवं तेवढं त्यानं ऐकलं, बाकीचं वाऱ्यावर सोडलं.

“मग झालं तर! बाबू परटाला मी कायमची बंदी घातलीय. फाटकावर त्याचा फोटो लावतो, खाली ‘गुंड’ असं लिहून. शनिवारच्या लावणीला फिरकला तर माझी पोरं त्याचं तंगडं मोडतील. आणि त्याच्या आळीतलं एक माणूस आत घेणार नाही.”

महाराजांचा हात थांबला.

“फोटो लावलास तर अब्रूनुकसानीचा दावा. तंगडं मोडलंस तर तुरुंग. आणि माणसाला अडवायचं ते त्याच्या वागण्यावरून. आळीवरून, जातीवरून अडवलंस, तर पुन्हा काळा कोट चढवून मीच तुझ्याविरुद्ध उभा राहीन!”

एवढा चढा आवाज मठात फार दिवसांनी निघाला होता. हणमंत वरमला. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

“बरं, आळी राहू द्या. पण बाबू आत येणार नाही म्हणजे नाही! गेल्या शनिवारी लॉन माणसांनी भरलेलं, कुमुदबाईंची लावणी रंगात आलेली, आणि हा मागून बोंबलतो, ‘हात सोड तिचा!’ रंगाचा बेरंग केला मेल्यानं. बाई गाणं अर्धं टाकून आत निघून गेल्या.”

“हात कुणी धरला होता?”

“...सर्जेरावांनी.”

“कोण हे?”

“कारखान्याचे संचालक. दर शनिवारी पहिल्या रांगेत असतात. बक्षीस देताना धरला, महाराज. होतं असं. नोट पुढे करायची, बाई घ्यायला वाकली की मनगट धरायचं... थट्टा असते ती.”

“तुझ्याकडे बक्षीस द्यायची रीत काय?”

“ढोलकीवाल्यापुढं ताट असतं, त्यात ठेवायचं. कलावंताला हात लावायचा नाही. सुरुवातीलाच माइकवरून सांगतो मी.”

“मग नियम मोडला कुणी?”

हणमंतनं पुढ्यातली टरफलं बोटानं बाजूला सारली.

सर्जेरावांना नाही म्हणायचं म्हणजे कारखान्याचे मेळावे गेले, त्यांच्या भावकीतली लग्नं गेली. बाबूला नाही म्हणायला काय जातंय? हे त्याला कळत होतं, आणि कळतंय याचाच त्याला संताप येत होता.

“कुमुदबाई काय म्हणाल्या?”

“त्यांना कोण विचारतंय!” तो फटकन बोलून गेला. “शनिवारी येणार नाही, असा निरोप आलाय. नखरे, दुसरं काय!”

महाराजांनी मूठभर शेंगा त्याच्यापुढे केल्या. हणमंतनं घ्यायला हात लांबवला, आणि महाराजांनी त्याचं मनगट धरलं.

धरलं ते सोडेचनात.

आधी तो हसला. मग त्यानं हळूच हात ओढून पाहिला. पकड आणखी घट्ट झाली. अंगणात दर्शनाला आलेल्या बाया होत्या, चार म्हातारे होते. सगळे टकामका बघू लागले. हणमंतची कानशिलं तापली.

“महाराज... हात...”

महाराज त्याच्याकडे बघत गालातल्या गालात हसत होते. सर्जेराव हसतात तसंच ते हसू होतं, आणि हणमंतला त्याची शिसारी आली.

“महाराज, लोक बघतायत.”

...

“अहो, सोडा म्हणतो ना!”

तो एवढ्यानं ओरडला की गाभारा पुसणारा शिष्य हातातल्या फडक्यासकट धावत बाहेर आला.

महाराजांनी हात सोडला.

“रामगीर, याला फाटकाबाहेर काढ. मठात आरडाओरडा चालत नाही.”

“मला?” हणमंत ताडकन उभा राहिला. मनगटावर बोटांचे लाल वळ उठले होते. “हात तुम्ही धरलात, आणि बाहेर मी?”

महाराजांनी पुढची शेंग फोडली.

“मी पहिल्या रांगेत बसतो.”