काचेवरचं मेण

एकदा एक बाई घाटमाथ्यावर गाडी चमकवायला शिकत होती. शिष्या म्हणावं असं तिचं वय नव्हतं. चव्वेचाळीस उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि स्वतःची भाड्याची गाडी घाटात वरखाली हाकणारी. पण माथ्यावरच्या झऱ्यापाशी गाड्या धुणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे ड्रायव्हर वस्ताद म्हणत, म्हणून ती शिष्या झाली. नाव वैजयंती. घरातले वैजू म्हणत.

हिवाळ्याची सकाळ होती. धुकं इतकं दाट की झरा ऐकू येई, दिसत नसे. झाडं अर्धवट आठवलेल्या स्वप्नासारखी उभी होती. त्या दुधाळ उजेडात वैजूची पांढरी गाडी धुऊन, पुसून, कोरडी होऊन बसली होती.

"पत्रा गार आहे का ते आधी हात लावून बघ," वस्ताद म्हणाले. "तापल्या पत्र्यावर मेणाचा फवारा मारलास तर डाग धरतो. थोडंच मार. एक भाग झाला की दुसरा. मग फडकं उलटं करायचं आणि कोरड्या बाजूने पुसत राहायचं. किती वेळ?"

"चमकेपर्यंत."

"हात आपोआप घसरेपर्यंत. चमक काय, ती नंतर येते."

वैजूने मेणाच्या फवाऱ्याची बाटली घेतली आणि बॉनेटवर फस्स केलं. फडकं गोल गोल फिरवताना तिला गुंगी आल्यासारखं झालं. पुसलेल्या भागावर वस्तादांनी ओंजळभर पाणी टाकलं. पाण्याचे मणी झाले आणि एकामागून एक घरंगळत खाली गेले. पत्रा कोरडाच.

"असंच हवं माणसाला," वैजू म्हणाली. "मी तर आता अशीच झालेय, वस्ताद. परवा एक पाहुणे मागे बसल्या बसल्या विचारतात, ताई, खाली पोचेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं ना? मी हूं की चूं केलं नाही. सगळं घरंगळून जातं."

"सगळं?"

"सगळं."

"आणि नणंद?"

वैजूचं फडकं थांबलं. माथ्यावर कुणाच्या घरात काय शिजतं हे झऱ्यावर आधी कळतं, हे ती विसरली होती.

वन्संनीच तिला गाडी शिकवली होती. गावाबाहेरच्या माळावर, महिनाभर, आठाच्या आकड्यात गाडी फिरवायला लावून. नवरा नको म्हणत होता तेव्हा त्याची समजूतही वन्संनीच घातली. आणि त्याच वन्सं तीन महिन्यांपूर्वी एका बारशात, चार बायकांदेखत म्हणाल्या होत्या, "वैजू, वळणावर तुझा पाय ब्रेककडे जातच नाही. तुझ्या गाडीत बसायची मला भीती वाटते." त्या दिवसापासून वैजूने बोलणं टाकलं होतं. समोरून आल्या तर ती पदर सारखा करायची, आणि पदर सारखा होईपर्यंत वन्सं पुढे गेलेल्या असायच्या.

आज अकराच्या एसटीने वन्सं मुलाकडे निघाल्या होत्या, कायमच्या. एसटी घाटाच्या पायथ्याहून सुटायची.

"जाऊ देत," वैजू म्हणाली. "त्यांनाच माझ्या गाडीत बसायचं नाही."

वस्ताद चहा टाकायला खोपटात गेले. वैजूने उरलेला राग फडक्यात घातला. बॉनेट झालं, दारं झाली, टप झाला. मग तिला वाटलं, काचेने काय पाप केलंय? पावसात तिच्यावरूनही पाणी घरंगळलं तर किती छान. तिने पुढच्या काचेवर चांगला सढळ हाताने फवारा मारला आणि पुसून काढला. स्वतःच्या हुशारीवर ती खूश झाली. ही तिची जुनी सवय होती.

वस्ताद दोन कप घेऊन आले. काचेकडे बघितलं, बोटाने हळूच चाचपलं. वैजूने ओरडा खायची तयारी ठेवली. पण त्यांनी कप बाजूला ठेवले आणि म्हणाले, "आत बस. गाडी चालू कर, नुसती. काचा वर. दिवे लाव. आता मी सांगतो ते कर."

ती बसली. वस्तादांनी तांब्याभर पाणी समोरच्या काचेवर ओतलं आणि धुक्यात पुढे निघून गेले.

वैजूने वायपर लावला. तो कर्रकर्र करत, अडखळत फिरला, आणि काचेवर एक पांढरट साय पसरली. धुकं, पाणी, दिव्यांचा उजेड, सगळं एकात एक मिसळलं. त्या सायीपलीकडे वस्तादांची आकृती डुलत होती. हात वर खाली होत होता. तोंडही हलत असावं.

घ्या, वैजूच्या मनात आलं, सुरू झाला उपदेश. काच बंद, ऐकू काही येत नव्हतं, तरी तिने आतून उत्तर देऊन टाकलं. "हो, हो, चुकलं माझं. एवढं काय त्यात? सगळे मेले मलाच शिकवायला बसलेत." हात आणखी जोरात हलला. तीही आणखी जोरात बोलली. मग कंटाळून तिने पहिला गिअर टाकला आणि गाडी जराशी पुढे घेतली.

खाडकन.

गाडी हिसका देऊन बंद पडली. ती घाईघाईने उतरली. चाकाला एक नारळाएवढा धोंडा टेकला होता. वस्ताद दोन हात पलीकडे शांत उभे होते.

"काय बोलत होतात एवढं?"

"एवढंच की, चाकापुढे धोंडा आहे."

"मला वाटलं, तुम्ही रागावताय."

"ते दिसलं. तू उत्तरं देत होतीस."

वैजूला हसू आलं, आणि हसता हसता ते मध्येच कुठेतरी अडकलं.

वस्तादांनी चहाचा कप तिच्या हातात दिला. "पत्र्याला मेण लावावं, बाई. पत्र्यावर जग येऊन आदळतं. धूळ, चिखल, पाखरांची शीट, पाहुण्यांचे विनोद. जाऊ दे घरंगळत. पण काच वेगळी. तिच्यातून आपण बघतो. तिला मेण लावलंस तर सगळे हात सारखेच दिसतात. मारायला आलेला कुठला आणि थांबवायला आलेला कुठला, कळत नाही. तुझ्या नणंदेनं शब्द वाईट जागी वापरले, चार बायकांत. ते चुकलंच तिचं. पण वळण खरं आहे की नाही, ते तू अजून पाहिलेलं नाहीस."

वैजूने चहा संपवला. मग म्हणाली, "हे निघतं कसं?"

"व्हिनेगरच्या पाण्यात फडकं भिजव. तीनदा पुसावं लागेल. लावायला सोपं, काढायला हात दुखतात."

तिने चारदा पुसलं.

साडेनऊला ती घाट उतरू लागली. धुकं दरीत कापसासारखं बसलं होतं. पहिल्या वळणावर तिने पायाकडे लक्ष ठेवलं. दुसऱ्यावरही. तिसऱ्या वळणावर रस्ता उजवीकडे वळला आणि तिच्या लक्षात आलं, की ती अजून गिअरच बदलत होती. पाय ब्रेकवर उशिरा पोचला. टायर कठड्यालगतच्या खडीवर करकरले. तिने गाडी कडेला घेऊन थांबवली. समोरची काच इतकी स्वच्छ होती, की जणू तिथे काही नव्हतंच.

स्टँडवर वन्सं बाकावर बसल्या होत्या. पायाशी बॅग, मांडीवर लोणच्याची बरणी. वैजूला बघून त्यांनी बरणी उगाच फडक्यात घट्ट गुंडाळली.

"गाडी फार चमकतेय," त्या म्हणाल्या. तीन महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य.

"वस्तादांनी शिकवलं." वैजूने बॅग उचलली. "चला."

"कुठे? माझी एसटी आहे अकराची."

"चारलाही आहे एक. तोवर एक फेरी मारू. वरपर्यंत आणि परत."

"तुझ्या गाडीत?" वन्संनी भुवई वर केली. "मी काय म्हणाले होते, ते विसरलीस वाटतं."

"नाही ना विसरले. तिसऱ्या वळणावर पाय उशिरा जातो, एवढं मला आज दिसलं. बाकीची वळणं तुम्हाला ठाऊक असतील."

वन्सं उठल्या, पुढचं दार उघडून बसल्या, बरणी पायांत धरली आणि पट्टा लावला.

"सातवं," त्या म्हणाल्या. "सातवं जास्त वाईट आहे. चल, दाखवते."