चाकावरची सोनेरी रेघ

“बारा वर्षं हे चाक मी पुसलं, उस्ताद. यंदाच त्याच्या हातात का?”

केरबाने हे विचारलं ते खंडेनवमीच्या आदल्या दुपारी, निपाणी रस्त्यावरच्या दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात. उस्ताद चहा बशीत ओतत होते. त्यांनी बशी भरली, फुंकर घातली, चहा प्यायला.



‘त्याच्या हातात’ म्हणजे रणधीरच्या. हा गडी दोन वर्षांपूर्वी आला. आला तेव्हा केरबा हसून म्हणाला होता, नव्याचे नऊ दिवस. नऊ दिवस झाले, नऊ महिने झाले, गडी होता तिथेच होता. उलट गिऱ्हाइकं आता त्याचं नाव घेऊन विचारायला लागली होती.

तेव्हापासून केरबा त्याला पाण्यात पाहायचा. रणधीर जेवायला बसला की याला घास गोड लागेना. उस्तादांनी त्याला ‘शाब्बास’ म्हटलं की याच्या पोटात दुखायचं. हे केरबाला स्वतःलाही ठाऊक होतं, आणि त्यामुळे ते कमी होत नव्हतं.

पण आजचं दुखणं निराळं होतं. खंडेनवमीला गॅरेजातल्या पान्या-हातोड्यांबरोबर उस्तादांच्या जुन्या मोटारसायकलचीही पूजा व्हायची. तिच्या मागच्या चाकाच्या काळ्या कडेवर काडीएवढी सोनेरी रेघ होती. ती उस्तादांच्या उस्तादांनी चाळीस वर्षांपूर्वी हाताने ओढलेली. साखळीचं तेल उडून वर्षभर त्या रेघेवर चिकट थर बसायचा. तो पुसायचा मान एकाच चेल्याचा, आणि गॅरेजही पुढे त्याचंच, असं सगळे धरून चालले होते. केरबा तर केव्हाच धरून चालला होता.

“तुझ्याकडं यंदा दुसरं काम आहे,” उस्ताद शेवटी म्हणाले.

कोणतं, हे केरबाने विचारलं नाही. त्याचं लक्ष अंगणात होतं.

अंगणात रणधीर चाकाशी बसला होता. मऊ फडकं रॉकेलमध्ये भिजवून त्याने कडेवर गुंडाळून ठेवलं होतं, आणि स्वतः हात मांडीवर ठेवून नुसता बसला होता. मधूनच फडकं उचलून बघायचा, परत ठेवायचा.

“बघा,” केरबा म्हणाला. “चाक दिलंय पुसायला आणि हा बसलाय देवळात बसल्यासारखा.”

“तू असतास तर?”

“एव्हाना लखलखलं असतं.”

उस्तादांनी बशी खाली ठेवली. “मग घे जा त्याच्याकडनं.”

केरबाला वाटलं होतं, रणधीर कुरकुरेल, निदान तोंड वाकडं करेल. रणधीर उठला, फडकं बाजूला केलं आणि जागा दिली. एवढंच म्हणाला, अजून थोडं भिजू दे, दादा. या ‘दादा’नेच केरबाच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याने कमरेला खोचलेलं फडकं ओढलं. सकाळी एका ट्रकवाल्याच्या मोटारसायकलची साखळी पुसली होती, तेच हे फडकं. रस्त्याची वाळू अजून त्यात होती. हे त्याला एरवी सांगावं लागलं नसतं. नव्या पोरांना पहिला धडा तोच देत असे, की साखळीचं फडकं रंगाला लावायचं नाही.

भिजलेला भाग सोडून तो कोरड्या कडेवरच घासायला लागला. अंगठ्याचा जोर देऊन घासायला लागला. नजर चाकावर कमी आणि रणधीरवर जास्त होती. बघतोय ना? बघू दे. बारा वर्षांचा हात कसा असतो ते कळू दे एकदा त्याला.

तेल निघालं. काळी कड चमकली.

रणधीरने मान खाली घातली. तेव्हा कुठे केरबाने चाकाकडे नीट पाहिलं.

चार बोटं लांबीची रेघ गेली होती. तिच्या जागी बारीक पांढरे ओरखडे होते, आणि फडक्याला सोनं लागलं होतं...

उस्ताद केव्हा येऊन उभे राहिले, ते त्याला कळलं नाही.

“तेल लई चिवट होतं, उस्ताद,” केरबा म्हणाला. आवाज त्याला स्वतःचाच वाटेना. “घासल्याशिवाय निघतच नव्हतं.”

उस्ताद गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले. त्यांनी तुटलेल्या रेघेकडे पाहिलं. मग चाक हाताने हळूच फिरवलं, रणधीरचं फडकं जिथे गुंडाळलेलं होतं तो भाग वर आणला आणि त्यावरून करंगळी ओढली.

काळा थर करंगळीबरोबर अलगद निघून आला. खाली रेघ होती तशी, अखंड.



उस्तादांनी सदऱ्याच्या खिशातून कापडात गुंडाळलेली एक वस्तू काढली. केसांच्या टोकाचा बारीक कुंचला. दरवर्षी रेघ जिथे फिकी पडेल तिथे उस्ताद याच कुंचल्याने ती जोडत. बारा वर्षांत त्यांनी तो कोणाच्या हातात दिला नव्हता.

तो त्यांनी केरबाच्या हातात ठेवला.

“पुसायचं काम त्याचं,” ते म्हणाले. “रेघ ओढायची यंदापासनं तू, असं ठरवलं होतं मी.”

केरबाचे डोळे भरून आले. त्याने कुंचला परत द्यायला हात पुढे केला. उस्तादांनी तो घेतला नाही.

“माझ्याच्यानं नाही व्हायचं आता,” केरबा म्हणाला. “उस्ताद, याचा हात या चाकाला लागलेला मला बघवला नाही. खरं तेच सांगतो.”

उस्तादांनी तेलाची करंगळी त्याच्यासमोर धरली.

“रेघ तुलाच ओढायची आहे. पण आधी एक सांग मला, केरबा. तेल तर करंगळीनं निघतंय... मग तू एवढा वेळ घासत काय होतास?”