पुढची चाकं, मागची चाकं

गाड्यांची चाकं आपसांत बोलायची, त्या काळची गोष्ट. धोंडिबाची जुनी जीप गोठ्यामागे पडून होती. तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. नात मंजुळा गुरांची डॉक्टर झाली, तेव्हा धोंडिबाने तिच्यासाठी जीप दुरुस्तीला घेतली. गंज खरवडला, इंजिन उघडलं, आखडलेला छोटा दांडा तेल पाजून मोकळा केला. हा दांडा ढकलला की पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळायचा.

"आज ही वरच्या वाडीला चढली तर तुझी," तो मंजुळाला म्हणाला. "नाही तर उद्या भंगारात."

सडकेवर मागची चाकं पुढच्यांना म्हणाली, "ढकलतो आम्ही आणि मिरवता तुम्ही. पाहुणेच की!"

"असू दे," पुढची म्हणाली.

चढावर चिखल लागला. मागची चाकं जागीच गरगरली. जीप मागे घसरू लागली.

"अहो पाहुणे, ओढा की!" मागची ओरडली.

"आता बरी आठवण झाली!" पुढची हसली.

मंजुळाने करकचून ब्रेक दाबला आणि दांडा ढकलला. पुढच्यांनी ओढलं, मागच्यांनी रेटलं, जीप थेट वाडीत जाऊन थांबली. शेजारी बसलेल्या धोंडिबाने टोपी हवेत उडवली.

वाडीतल्या एका गोठ्यातल्या बैलाने विचारलं, "कोणी आणलं रे हिला वर?"

"पुढच्यांनी," मागची म्हणाली. "आम्ही नुसता चिखल उडवला."

"खोटं आहे," पुढची म्हणाली. "मागून रेटा नसता तर आम्ही अजून तिथंच असतो."

बैल आपल्या जोडीदाराकडे वळला. "ऐकलंस? आणि तू गावभर सांगतोस, नांगर मी एकटाच ओढतो!"